दोन-चार-सहा

"आज विमान नाहीये हो!" मी काचेच्या दारातूनच ओरडले.

रिक्षातून उतरणाऱ्या गृहस्थांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. आधी एक पाय खाली टेकवला, मग कमरेला हात देऊन दुसरा. मग आतून बॅग ओढली, एक कापडी पिशवी घेतली, रिक्षावाल्याला "जा आता" म्हणाले. रिक्षा धुरळा उडवत गेटबाहेर पडली आणि ते सावकाश दारापाशी आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात कोऱ्या चपला. चपला चावत असणार, कारण ते डाव्या पायावर जपून भार देत होते.

"हाय की. अकराचं. हैदराबाद," ते म्हणाले.

"ते उद्या. मंगळवारी."

"आवं, सोमवारी असतंय ना विमान? सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"आधी होतं तसं. आता बदललं. मी स्वतः सगळ्यांना फोन करून सांगितलंय."

"मलाबी केला होताव," ते म्हणाले. "तुमचाच आवाज. म्हणलाव, दोन-चार-सहा."

"मग? दोन-चार-सहा म्हणजे मंगळवार, गुरुवार, शनिवार."

मग त्यांनी उजवा हात वर केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. "रविवार येक. सोमवार दोन. मंगळवार तीन, बुधवार चार..." सहाव्या पेरावर शुक्रवार आला आणि अंगठा तिथंच थांबला.



हे सगळं घडलं त्याला आता आठ वर्षं झाली. मी, नयना खातू, तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, मूळची चिपळूणची. बोरगावच्या विमानतळावर कंपनीची एकुलती एक पगारी बाई. बाकीची माणसं ठेक्यावरची, विमानाच्या दिवशी यायची आणि विमान गेलं की तीही जायची. आठवड्यातून तीन दिवस चाळीस आसनांचं एक विमान हैदराबादहून यायचं, पाऊण तास उभं राहायचं, परत जायचं. उरलेले चार दिवस त्या एवढ्या मोठ्या इमारतीत मी, गेटवरचा पोलीस आणि कबुतरं. सोमवारी विमान नसतानाही मी तिथं काय करत होते, असं कुणीही विचारील. खोलीवर बसून भिंती बघण्यापेक्षा टर्मिनलवर बसून खुर्च्या बघणं बरं, एवढंच त्याचं उत्तर. गावात माझ्याशी बोलणारं माणूस नव्हतं. भाजीवाली "किती देऊ" म्हणायची आणि घरमालक "पाणी जपून वापरा", झालं. कधी कधी मी कुणी नसताना माइक चालू करून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणून बघायचे. घसा बसला नाही ना, ते कळायचं.

विमान कंपन्यांत वारांना आकडे असतात. सोमवार एक आणि रविवार सात. आमचं विमान एक-तीन-पाच होतं, ते हिवाळी वेळापत्रकात दोन-चार-सहा झालं, अशी मेल त्या सोमवारच्या तीन आठवडे आधी आली. प्रवाशांना मेसेज इंग्रजीत जायचे, आणि तेही बहुतेक वेळा तिकीट काढून देणाऱ्या एजंटाच्या नंबरावर. म्हणून एकेकाला फोन लावणं माझ्याकडे आलं. वाराचं नाव सांगा, तारीख सांगा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, असा कंपनीचा नियम होता. सतरा जण होते. पहिल्या सोळांना मी अगदी नियमाने, किंबहुना जरा जास्तच बोलत सांगितलं. तेवढीच कुणाशी तरी बोलायची सोय. सतरावा नंबर यांचा. तोवर फोन कानाला तापला होता, मी कंटाळले होते, आणि दिवसभर मेलमधे तेच वाचून तोंडात तेच बसलं होतं. म्हणाले, "काका, आपलं विमान आता दोन-चार-सहा झालंय. तिकिटाचं आम्ही बघतो, तुम्हाला काही करायला नको." ते म्हणाले, "दोन-चार-सहा. बरं. मग काय फरक नाही." मला वाटलं, माणूस समजूतदार आहे, त्याला बदल चालतोय. मी नावापुढे खूण करून टाकली.

"तुमच्यात सोमवारपासून मोजतेत व्हय?" ते आता विचारत होते.

"हो."

"आसं. मग माझंच चुकलं." ते जवळच्या खुर्चीवर टेकले. "चौतीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो मी. काशिनाथप्पा हलकुडे. गाड्यांचा तक्ता माझ्या हातचा असायचा, पहिला रकाना रविवारचा. चौतीस वर्षांत येक गाडी चुकीच्या वारी नाही सोडली. आन् आज स्वतःचीच चुकवली."

इथंच मी म्हणायला हवं होतं, की अप्पा, चूक तुमची नाही, माझी आहे. पण माझ्या नावावर आधीच एक मेमो होता आणि दुसऱ्याला घरी पाठवत. मी मूग गिळून बसले.

"उद्या जाता येईल की," मी म्हणाले. "तुमची सीट उद्याच्या विमानात आहेच."

"उद्या काय करू जाऊन?" ते म्हणाले. "लेक आज चाललीय."

त्यांची मुलगी शिवकांता ऑस्ट्रेलियात राहायची. चार दिवसांसाठी हैदराबादला सासरी आली होती आणि त्या संध्याकाळी परत जाणार होती. सहा वर्षं ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. अप्पांचा नंबरच तिने ब्लॉक करून ठेवला होता. आता मावशीच्या मध्यस्थीने तिने निरोप दिला होता, की सोमवारी घरचे बाहेर जाणार आहेत, मी दुपारी अडीचला निघणार, त्याआधी यायचं तर या. अकराचं विमान बाराला पोचवतं, एकच्या आत घर. दीड तास मिळाला असता. मोटारीने सात तास लागतात आणि माझ्या घड्याळात दहाला पाच कमी होते. मी बोलले नाही तरी हिशोब त्यांचा त्यांनी केलाच. आयुष्यभर तेच केलं होतं त्यांनी.

"तुम्ही लावता का तिला फोन?" ते म्हणाले. "तुम्ही कंपनीच्या मॅडम. तुमचं ऐकंल ती. नंबर हाय माझ्याकडं, मावशीनं दिलेला."

"लावते. काय सांगू?"

"काय खरं हाय ते सांगा. म्हणावं, बाप वार मोजायला चुकला. बॅग घेऊन बसलाय हितं."

मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"शिवकांता मॅडम का? मी बोरगाव विमानतळावरून बोलतेय. तुमचे वडील..."

"काय झालं त्यांना?" इतकं चटकन आलं ते, की मी क्षणभर अडखळले.

"काही नाही, बरे आहेत. इथंच आहेत माझ्यासमोर. आजचं विमान तांत्रिक कारणामुळे रद्द झालंय."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. आमच्या धंद्यात ते ओठांवरच असतं. ढग असोत, पायलट नसो, प्रवासी कमी असोत, सगळ्यांना एकच कारण. समोरचा पुढे विचारत नाही, आणि कुणाची चूक हा प्रश्नही निघत नाही. त्या दिवशी मला तेच सोयीचं होतं.

पलीकडे लहान मूल किरकिरत होतं. "ते खरंच आलेत तिथं?" तिने विचारलं.

"हो. बॅग घेऊन आलेत."

मग तिचा आवाज खाली आला. "मी हिला झोपवते आणि करते. ह्याच नंबरवर करते. त्यांना थांबायला सांगाल?"

मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला, की माझाही जीव भांड्यात पडला. चला, निदान बोलणं तरी होईल. पण मग ते कपाळाला आठी घालून म्हणाले, "रद्द कुठं झालंय, मॅडम?"

"असंच सांगतात आमच्यात. सोपं पडतं."

"आम्ही नव्हतो सांगत तसं. गाडी फेल म्हंजी फेल. डायव्हर नाही म्हंजी नाही." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी येकदाच सांगितलं आसं सोपं पडंल ते. तेच निस्तरायलोय आजून."

कॅन्टीनचं टेंडर तिथं कुणी भरलेलं नव्हतं. माझ्याकडे विजेची किटली होती, तिच्यात मी दोघांचा चहा केला. अप्पांनी पिशवीतून फडक्यात बांधलेले धपाटे काढले. पहाटे उठून स्वतः थापले होते, लेकीसाठी. "तिला काय आता पोचत नाहीत. खा तुम्ही," म्हणाले. सोबत शेंगदाण्याची चटणी होती. मी त्या गावात आल्यापासून समोर माणूस बसवून जेवले नव्हते. आपण सारखं एकटं खातो तेव्हा किती भराभर खातो, हे मला त्या दिवशी कळलं, कारण अप्पा म्हणाले, "सावकाश, मॅडम. विमान नाही आज." आणि मी हसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

खाता खाता त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बायको आजारी पडली, दवाखान्यात ठेवली, ती उठलीच नाही. शिवकांता तेव्हा तिकडे शिकत होती आणि तिची शेवटची परीक्षा चालू होती. ती रोज फोन करायची. अप्पांना स्वतःला खोटं बोलता येईना, आवाज फुटायचा. म्हणून ते शेजारच्या जोशीबाईंना फोन द्यायचे. आई झोपलीय, आई बरी आहे, आई आत्ताच जेवली. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी परीक्षा संपली आणि त्याच दिवशी तिची आई गेली. लेक येऊन पोचली ती तिसऱ्या दिवशी.

"दारात उभी राहून येकच बोलली," अप्पा म्हणाले. "म्हणली, बाबा, तुम्ही स्वतः खोटं बोललाव आसताव तर मी माफ केलं आसतं. दुसऱ्याच्या तोंडून बोलवलाव." त्यांनी फडक्याची घडी घातली. "आज तेवढंच सांगायला चाललो होतो. की चुकलो. माझ्या तोंडानं सांगणार होतो."

मी हातातला धपाटा खाली ठेवला. मी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा उमजलं.

फोन साडेअकराला वाजला, पण तो मेसेज होता.

"मॅडम, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. आज बोरगावहून विमानच नाही. तीन आठवड्यांपूर्वी वार बदललेत, तुमच्याच साइटवर लिहिलंय. त्यांना यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. आईच्या वेळीही दुसऱ्यांकडूनच वदवून घेतलं होतं. मीच वेडी, मुलीला झोपवून फोन घेऊन बसले होते. सहा वर्षं वाट बघतेय की एकदा तरी स्वतः बोलतील. आता फोन करू नका."

"तिचा का?" अप्पांनी विचारलं. ते टोपी घालून नीट बसले होते, जणू ती बघणारच होती.

"नाही," मी म्हणाले. "कंपनीचा."

मी बाहेर आले. धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी राहून तिला फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही. मेसेज लिहायला घेतला, की चूक माझी आहे, मी त्यांना वार न सांगता आकडा सांगितला, ते खरोखरच आलेत आणि त्यांनी मला खरंच सांगायला सांगितलं होतं. सगळं लिहिलं. वाचून बघितलं. हे लेखी आहे, असा विचार मनात आला. हे तिने कंपनीला पाठवलं तर मी उद्या चिपळूणच्या गाडीत असेन. मग मी ते पुसलं आणि आत आले.

अप्पांनी विचारलं, "आला काय?"

"नाही अजून. मूल झोपलं नसेल."

"व्हय. नात खोडकर हाय म्हणं."

बारा वाजले, एक वाजला. अप्पा मला बसस्टँडच्या गोष्टी सांगत होते. मधेच माझ्या फोनकडे बघत आणि पुन्हा सांगायला लागत. मी तीनदा ठरवलं, आता दाखवते. तीनदा त्यांनी वर बघितलं आणि मी म्हणाले, "चहा घेता का अजून?" दोन वाजता त्यांचं बोलणं थांबलं. अडीचला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठले.

"निघाली आसंल," ते म्हणाले. "गडबडीत राहिलं आसंल. तिथं पोचल्यावर करंल."

"करेल ना," मी म्हणाले.

मी रिक्षा बोलवून दिली. ते बसले, आणि पुन्हा वाकून म्हणाले, "तुम्ही लई केलाव माझ्यासाठी, मॅडम."

पुढच्या सोमवारी साडेनऊला गेटशी रिक्षा वाजली. अप्पाच. या वेळी बॅग नव्हती आणि चपला जुन्या होत्या. "विमान नाही ते माहीत हाय," ते हसत म्हणाले. "म्हणलं, मॅडम येकट्याच आसतेत सोमवारी. चहा प्यावं." आणि बसल्यावर, सहज विचारल्यासारखं, "काही आलं काय तिचं?"

"नाही," मी म्हणाले.

मग ते दर सोमवारी यायला लागले. मी रविवारी रात्री दूध आणून ठेवायला लागले. त्यांनी मला मोडी आकडे शिकवले, मी त्यांना विमानांची नावं. मी आजारी पडले तेव्हा घरमालकाच्या बायकोला दटावून माझ्यासाठी पेज करवून घेतली ती अप्पांनीच. प्रत्येक सोमवारी एकदा, पहिला घोट घेतल्यावर, ते विचारायचे, "काही आलं काय?" आणि मी म्हणायचे, "नाही." पुढे पुढे तो शब्द साखर टाकावी इतका सहज तोंडातून जायला लागला.

मार्चमधे कंपनीने बोरगाव बंद केलं. प्रवासी नव्हते. दोन-चार-सहा नाही आणि एक-तीन-पाचही नाही. मला राजीनामा द्यायला सांगितला आणि मी शनिवारी तो देऊन टाकला. बुधवारी निघायचं होतं. शेवटच्या सोमवारी अप्पा आले तेव्हा मी काउंटरवरची पाटी काढून खोक्यात भरत होते.

चहा झाला. त्यांनी विचारलं नाही. मीच वाट बघत होते त्या प्रश्नाची. शेवटी ते कप खाली ठेवून म्हणाले, "आता नाही विचारत. सोडलं मी."

"असं का म्हणता अप्पा?"

"चार महिने झाले. बाप येऊन बसलाय हे कळल्यावरबी येक अक्षर नाही. सहा वर्षं मला वाटायचं, रागावलीय. राग हाय म्हंजी काहीतरी हाय. तिनं त्या दिवशी मला फोन करून चार शिव्या दिल्या आसत्या ना, मॅडम, तर मी दुसऱ्या दिवशी तसाच विमानात बसून तिकडं ऑस्ट्रेलियाला गेलो आसतो. शिव्या म्हंजी बोलणंच की ते. पण काहीच नाही म्हणल्यावर..." त्यांनी हात उताणा केला. "काहीच नाही म्हणल्यावर म्हातारं माणूस कशाला तिच्या दारात जाऊन उभं राहील? मावशीजवळबी त्या दिवसाचं काही काढलं नाही म्हणं तिनं. मावशीनं सांगितलं, तिचा नवा नंबर घे. मी नको म्हणलं."

माझा फोन खोक्यावर होता. मेसेज त्यात होता, सगळाच्या सगळा. मला तो पाठ होता. "सहा वर्षं वाट बघतेय" इथंपर्यंत तो मनात म्हटला आणि मी किटली उचलली.

"अजून घेता अर्धा कप?" मी विचारलं.

"द्या."

त्यांनी तो फुंकर मारत प्यायला. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही होताव म्हणून हे चार महिने निघाले, मॅडम." मग ते रिक्षाकडे गेले, आधी एक पाय वर ठेवला, मग कमरेला हात देऊन दुसरा. मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

मेमोला भिऊन गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. पहिल्या दिवशी तसं होतंही. पण त्या शेवटच्या सोमवारी माझा राजीनामा दिलेला होता, मला मेमो द्यायला कुणी उरलंच नव्हतं, तरी मी चहाच विचारला. तो मेसेज दाखवला असता तर अप्पा आपल्या लेकीकडे गेले असते. चार महिन्यांपूर्वीच गेले असते, आणि मग सोमवारी माझ्याकडे कुणी आलं नसतं.